धूरपट्टी

प्रिय छोट्या,

पन्नाशी ओलांडलेल्या, टक्कल पडलेल्या आणि अख्ख्या गल्लीला दमात घेणाऱ्या माणसाला मी अजून छोट्या म्हणते, याचा तुला राग येत नाही हे मला माहीत आहे. निदान परवापर्यंत येत नव्हता. परवापासून तू माझा फोन उचलत नाहीस. भावजयीनं एकदा उचलला, "ते भट्टीवर गेलेत" म्हणाली, आणि तिच्या मागून तुझं खोकणं मला स्पष्ट ऐकू आलं. तिला रागावू नकोस. खोटं बोलायची सवय नाही बिचारीला, म्हणून तर पकडली गेली. मोबाइलवर लांबलचक काही लिहिलं तर तू दोन ओळी वाचून सोडून देतोस, त्यामुळे हॉटेलच्या टेबलाच्या खणात सापडले तेवढे कागद घेऊन बसले आहे. इतक्या वर्षांत सह्यांशिवाय हातानं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसशील. हस. तेवढं तरी हस.

मी आहे त्या खोलीची खिडकी उघडत नाही. या इमारतीतली कुठलीच खिडकी उघडत नाही. बोलणी चालली त्या सभागृहांना तर खिडक्याच नव्हत्या. गळ्यात बिल्ला, तो दाखवला की एक दार उघडतं, पुढं दुसरं दार, तिथं परत बिल्ला. जगाच्या हवेवर बोलायला जमलेल्या आम्हा लोकांना बाहेर ऊन पडलंय की पाऊस, याचा पत्ता नसायचा. आत एवढा गारठा, की मी दोन स्वेटर चढवून तापमानवाढीवर बोलत होते. हे मी साहेबांना म्हटलं, तर ते हसलेसुद्धा नाहीत. साहेब म्हणजे आमच्या शिष्टमंडळाचे प्रमुख. टीव्हीवर मंत्र्यांच्या मागं जो उंच, जरा वाकलेला माणूस दिसतो ना, ते. माणूस सज्जन आहे, पण हल्ली त्यांना हसू येत नाही. बोलणी परवा दुपारी संपली. आज बाकीचे सगळे शहर बघायला गेलेत. मला बोलावलं होतं, मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पेपरात काय आलं ते तू वाचलंच असशील. तरी माझ्या तोंडून ऐक, कारण पेपरात जे आलं ते खरं असलं तरी पुरतं नाही.

तुला माहीत आहे, मी किती वर्षं या टेबलांवर बसते आहे. पण आपल्या देशाची खुर्ची नेमकी कुठली, हे मला अजून उमगलेलं नाही. श्रीमंत देश म्हणतात, तुम्ही आता लहान राहिला नाहीत, तुमच्या चिमण्यांचा धूर आमच्या बरोबरीला आला, तेव्हा जबाबदारीही घ्या. गरीब देश म्हणतात, तुम्ही आमच्यातले, तुमचा आवाज मोठा, आमच्या बाजूनं बोला. आणि आपलं काय, तर मान घ्यायच्या वेळी आपण थोरले आणि खर्चाची वेळ आली की धाकटे. मी हे गमतीनं म्हणायची, पण खोटं नाही. आम्ही कुठल्याही बैठकीत एकच गोष्ट सांगत आलो. पिढ्यान्‌पिढ्या कोळसा जाळून तुम्ही श्रीमंत झालात, आता आमची पाळी आली तर म्हणता चूल विझवा. हे खरं आहे, आजही मी ते तितक्याच जोरात सांगेन. पण फार वर्षं तेच एक बोलत राहिलं की त्याचा किल्ला होतो. बाहेरचा आत येत नाही, आणि आपल्यालाही बाहेर पडायला वाट राहत नाही.

या वेळी भांडण होतं ते धूरपट्टीवर. तुमच्या लोखंड ओतणाऱ्या भट्ट्यांच्या गल्लीतला हा शब्द मी साहेबांना सांगितला होता. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी धूरपट्टी. आमच्या कागदांवर त्याला चार ओळींचं नाव आहे, पण पुढं आमच्यातही सगळे धूरपट्टीच म्हणायला लागले. श्रीमंत देश आपल्याकडून जाणाऱ्या लोखंडाच्या मालावर सरहद्दीवर पट्टी लावणार, माल बनवताना जितका धूर जास्त तितकी पट्टी जास्त. आपण आजवर तिला कडाडून विरोध केला. त्यांचं दुसरं मागणं होतं, की आपली कोळशावरची जुनी वीज केंद्रं लवकर बंद करावीत. आणि राजधानीतून आम्हाला हुकूम होता, की वीज केंद्रांना हात लावू द्यायचा नाही, आणि बोलणी आपल्यामुळे फिसकटली असंही दिसू द्यायचं नाही. म्हणजे हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि उठूनही जायचं नाही. बस त्या गारठ्यात.

आमच्या समोर एक बाई बसायच्या. चहूकडून समुद्र असलेल्या, नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल अशा देशाच्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या म्हणे, म्हणून आम्ही आपापसांत त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो. एकदा चहाच्या रांगेत त्या माझ्या पुढं होत्या. मागं वळून म्हणाल्या, "तुम्ही म्हणता धूर आधी त्यांनी केला. खरंय. पण भरतीला माझ्या शाळेत पाणी शिरतं, त्या पाण्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं." माझ्याकडे उत्तर होतं. पाठ होतं. पण माझा चहा आला आणि मी तो घेऊन बाजूला झाले.

तुझा फोन आला तो याच्या आधी, मी अजून राजधानीत कागद तयार करत होते तेव्हा. तू घाईत होतास, मागं पंख्याचा आवाज येत होता. "ताई, परदेशातलं गिऱ्हाईक तीन वर्षांचा करार मागतंय. पंपांच्या बॉड्या. एवढं मोठं काम बाबांच्या काळातही आलं नव्हतं. फक्त एक सांग, ती धूरपट्टी आपल्याला लागणार आहे का?" मी म्हटलं, "अजून नक्की काही नाही." तू हसलास. "अगं, मी काय पेपरवाला आहे का?" मी पुन्हा तेच म्हटलं. चालू बोलण्यांतलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम. आणि नक्की खरंच काही नव्हतं. पण धूरपट्टी टेबलावर येणार, हे मला माहीत होतं. तू म्हणालास, "जाऊ दे, तू आहेस ना तिथं." आणि तू करारावर सही केलीस. भावजयीनं मला नंतर सांगितलं, तू गल्लीभर सांगत होतास, आपली ताई बसलीय तिथं, काळजी नको. माझ्या गप्प बसण्याला तू हमी समजलास. दुसरं कुणी असतं तर त्याला माझ्या गप्प बसण्यात धोका दिसला असता. तुला मी दिसले.

तुझ्यापुढं तरी दुसरी कुठली वाट होती? गिऱ्हाईक म्हणतं कोळशाची भट्टी मोडा, विजेची घ्या. विजेची घ्यायची तर गल्लीतली वीज दिवसातून किती वेळा जाते हे गिऱ्हाईकाला कोण सांगणार. ओतकाम अर्ध्यात असताना वीज गेली, की लोखंडाचा रस आतल्या आत गोठतो, आणि मग भट्टीच फोडावी लागते. बरं, ती वीज तरी येते कुठून? कोळशाच्या त्याच केंद्रांतून, ज्यांना मी वर्षानुवर्षं वाचवत आले. कोळसा तू जाळलास तर धूर, आणि केंद्रानं जाळला तर देशाची प्रगती. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं हे तुझं. आणि माझंही. फक्त माझ्या खोलीत गारठा होता आणि तुझ्या भट्टीपुढं अंग भाजत होतं.

इथं बसून मला सारखं घर आठवत होतं. मागच्या अंगणाच्या भिंतीवर बसून मी अभ्यास करायची, कारण भट्टीचा उजेड तिथवर यायचा आणि आईच्या हाका यायच्या नाहीत. रस ओतताना कुणी बोलायचं नाही हा बाबांचा नियम. पाहुणे असोत, गिऱ्हाईक असो, सगळे चिडीचूप. मला ते फार आवडायचं. लोखंड पाण्यासारखं वाहताना आवाज करत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मग बाबांच्या डोळ्यात ठिणगी गेली. त्या वर्षी माझी राजधानीतली परीक्षा होती, आणि तू नुकताच कॉलेजात गेला होतास, नवीन शर्ट शिवून. कुणी काही ठरवलं नाही. घरात बैठक झाली नाही, रडारड झाली नाही. एक दिवस तू तो शर्ट काढून ठेवलास आणि बाबांचे जाड हातमोजे घातलेस. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, आणि आजही बोलणार नाही आहोत. एवढं लिहिलं तेच पुष्कळ झालं.

शेवटच्या आठवड्यात समोरच्या बाजूनं डाव टाकला. त्यांच्या प्रमुखाला आम्ही संत्रीवाले म्हणायचो. फार अदबशीर गृहस्थ. बैठकीला येताना खिशात संत्रं, आणि आपण बोलत असताना ते सावकाश सोलत बसणार, की आपलं बोलणं संपेपर्यंत साल एकसंध निघालेली. ते म्हणाले, "वीज केंद्रांचा विषय आम्ही पुढं ढकलतो. पण मग लोखंडाच्या मालावरच्या पट्टीला तुमचा विरोध नको." आमच्या राजधानीनं हे इतक्या लगेच मान्य केलं, की मला कळून चुकलं, तिथं आधीच ठरलं होतं. मोठ्या पोलाद कारखान्यांचे वकील आहेत, मंत्र्यांकडे त्यांची ऊठबस आहे, ते आपलं बघून घेतात. गल्लीबोळातल्या ओतकामाच्या भट्ट्यांचं त्या खोलीत कुणी नव्हतं. म्हणजे मी होते, आणि तिथंच घोडं अडलं.

मी साहेबांना बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठलं. म्हटलं, "साहेब, माझा धाकटा भाऊ फाउंड्री चालवतो. या कलमावर मी बोलणं बरं नाही." ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे भट्टी काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे." "जन्मापासून." "आपल्यात आणखी कुणाला ठाऊक आहे?" कुणालाच नव्हतं. आमच्यातले दोघे तर भट्टी म्हणजे पाव भाजायची समजत होते. साहेबांनी चष्मा घातला. "मग तुम्हीच बसा. फक्त ध्यानात ठेवा, आता सगळ्यांचं लक्ष तुमच्यावर असेल." त्यांनी हे चांगल्या मनानं सांगितलं, छोट्या. पण त्या वाक्यानं माझं जे व्हायचं ते झालं.

मी भांडले. हे मी तुला फुशारकीनं सांगत नाही. भट्टीत रस गोठतो म्हणजे काय, हे मी त्या गुळगुळीत टेबलावर हात आपटून सांगितलं. लहान भट्ट्यांना आजच्या आज वीजही मिळणार नाही आणि मुदतही, मग त्यांनी जायचं कुठं, असं विचारलं. संत्रीवाल्यांचं संत्रं त्या दिवशी अर्धंच सोलून राहिलं. शेवटी त्यांनी मान्य केलं, की ठरावीक टनांच्या आतलं ओतकाम करणाऱ्या भट्ट्यांना आठ वर्षं पट्टी नाही, तोवर त्यांनी बदलायचं आणि त्या बदलाला पैसा श्रीमंत देशांनी पुरवायचा. अशी सूट याआधी कुणालाच मिळाली नव्हती. साहेबांनी टेबलाखाली माझा हात दाबला. मग संत्रीवाले म्हणाले, "लहान म्हणजे किती लहान? आकडा सांगा."

आमच्याकडे इंजिनीयर लोकांनी दिलेले दोन आकडे होते. खालचा आकडा भट्टीच्या मापावरून काढलेला, वरचा तिथं राबणाऱ्या माणसांवरून. दोन्हींना आधार होता, दोन्ही मागता आले असते. खालच्या आकड्यात आपल्या गल्लीतल्या बहुतेक भट्ट्या बसत होत्या. वरच्यात तूही बसत होतास. शेजारची भट्टी बंद पडली तेव्हा तिथली माणसं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून तू त्यांना आपल्याकडे घेतलंस, त्यांच्यापुरतं काम वाढवलंस, नाहीतर तू खालच्या आकड्यातच राहिला असतास. हे सगळं त्या क्षणी मला दिसत होतं. वरचा आकडा माझ्या जिभेवर आला होता. टेबलावर आधी वरचं मागायचं, मग खाली उतरायचं, हे तर भाजी घेणाऱ्यालाही कळतं. पण माझ्या मनात आलं, हा छोट्याचा आकडा आहे. साहेब माझ्याकडे बघत होते. आमचे सगळे माझ्याकडे बघत होते. निदान मला तसं वाटलं. मी खालचा सांगितला. संत्रीवाल्यांनी साली गोळा केल्या, बोटं पुसली आणि म्हणाले, "मान्य." इतक्या पटकन म्हणाले, की आमच्याकडे अजून आकडा कागदावर लिहूनही झाला नव्हता.

सभागृह मोकळं होत असताना मास्तरीणबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, प्रत्येक सवलतीचं पाणी आमच्या अंगणात येतं असं काहीतरी म्हणतील. मी तयारीतच होते. त्या म्हणाल्या, "लहान भट्ट्यांशी आमचं कधीच भांडण नव्हतं. भांडण होतं त्या मोठ्या चिमण्यांशी. त्या तुम्ही सगळ्यांनी मिळून वाचवल्यात." आणि माझा हात हातात घेऊन, जसा नापास झालेल्या हुशार पोरीचा घ्यावा तसा, निघून गेल्या. मला म्हणता आलं असतं, की त्यांच्या शाळेसाठी मी खालचा आकडा सांगितला. साहेबांना पटलं असतं, कदाचित तुलाही. पण त्या वेळी मास्तरीणबाई माझ्या डोक्यातही नव्हत्या. मला फक्त माझ्याकडे बघणारे डोळे दिसत होते.

मग कॉफीच्या टेबलापाशी संत्रीवाले भेटले. सामना संपल्यावर खेळाडू बोलतात तसे मोकळे झाले होते. म्हणाले, "तुम्ही मला चकित केलंत. आम्ही याच्या बरंच वर जायला तयार होतो." मी कॉफीत साखर घातली, आणि परत घातली. ते म्हणाले, "थकलायत तुम्ही, बसा." आणि अर्धं संत्रं पुढं केलं. मी घेतलं, छोट्या. खाल्लंही. काय करणार होते.

त्यानंतर लगेच तुझा फोन आला. तू बाकी काहीच विचारलं नाहीस. "ताई, रेघ किती टनांवर मारली?" मी सांगितलं. तू म्हणालास, "बरं." लहानपणापासून तुझं हे "बरं" मला माहीत आहे. तुझा पतंग दुसऱ्यानं नेला तरी "बरं", आणि कॉलेज सोडलंस तेव्हाही बाबांना एवढंच म्हणाला होतास. त्यानंतर तू फोन ठेवलास तो ठेवलासच. आता तुझ्या हाती तीन वर्षांचा करार आहे, माल दिलास तर पट्टी भरून तोट्यात, नाही दिलास तर कराराचा दंड, आणि भट्टी विझवावी तर शेजारची माणसं पुन्हा रस्त्यावर. माझ्याच दातांनी माझेच ओठ चावले गेले, आणि रक्त मात्र तुझं निघालं.

याहून वाईट म्हणजे आजचा पेपर. तू तो वाचायच्या आधी हे पत्र पोचणार नाही, म्हणजे तू वाचला असशीलच. तू रेघेबाहेर राहिलास हे माझ्याकडून कळल्यावर साहेबांनी अभिमानानं कुणा वार्ताहराला सांगितलं, आणि त्यानं छापलं, की या बाईंनी सख्ख्या भावालाही सूट दिली नाही. खाली माझा फोटो. सकाळपासून अभिनंदनाचे फोन येतायत. माझा कुणी इतका सत्कार आजवर केला नव्हता. आणि मला ओरडून सांगावंसं वाटतं, की मी निःपक्षपाती नव्हते. तशी असते तर तुला विसरून आकडा निवडला असता. मी तुला डोळ्यांसमोर ठेवूनच निवडला. तू दुसऱ्या कुणाचा भाऊ असतास, तर मी वरचा आकडा मागितला असता, तो मिळाला असता, आणि आज तू गल्लीतल्या बाकीच्यांबरोबर पेढे... जाऊ दे. तुला गोड चालत नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. कलम अजून पक्कं झालेलं नाही. पुढच्या महिन्यात राजधानीत फाउंड्रीवाल्यांचं म्हणणं ऐकायला बैठक आहे, आणि तिथं ठरलं तर पलीकडच्यांकडे आकडा बदलून मागता येतो. त्या बैठकीच्या अध्यक्षपदी साहेबांनी माझं नाव घातलं. मी तिथं बसून आकडा वर नेला तर बहिणीनं भावासाठी केलं, नाही नेला तर परत तेच जे परवा केलं. तिसरं काही मला करताच येत नाही, त्या खुर्चीत बसून तरी नाही. आज सकाळी नाश्त्याला मी साहेबांना सांगितलं, की मी त्या बैठकीला बसणार नाही, आणि संत्रीवाले मला जे म्हणाले ते मी माझ्या भावाला कळवणार आहे. त्यांनी चमचा खाली ठेवला. "हे नियमात बसत नाही." म्हटलं, "माहीत आहे." "मग या टेबलावर तुम्हाला परत येता येणार नाही." म्हटलं, "तेही माहीत आहे." ते उठून खिडकीपाशी गेले, जी उघडत नाही तिच्यापाशी. मग म्हणाले, "पण त्या बैठकीत भट्टीतलं कळणारं कोण असेल?" मी म्हटलं, "भट्टीवालाच असेल की, साहेब." या खेपेला ते हसले. थोडंसंच.

तेव्हा छोट्या, तू जायचं आहेस. समोर बसलेला माणूस परका असेल, त्याच्याशी मनसोक्त भांड. वरचा आकडा माग, माणसांवरून काढलेला, आणि पलीकडचे द्यायला तयार आहेत हे मनात धरून माग. कुणी विचारलं हे कुणी सांगितलं, तर खुशाल माझं नाव घे, आता त्यानं माझं आणखी काही जायचं नाही. तुझं उत्तर मला ठाऊक आहे. आई विसरायला लागल्यापासून तू गाव सोडून एक रात्र बाहेर राहिलेला नाहीस, तिला तुझ्या हातून घास लागतो, आणि भावजय एकटी किती पुरी पडणार. म्हणून हे पत्र; पानांचे फोटो आजच भावजयीला पाठवते, ती छापून तुझ्या हातात देईल. परवाच्या विमानानं मी निघते आहे, राजधानीत न थांबता सरळ घरी येते आहे. आईपाशी मी बसेन. ती मला ओळखणार नाही, मला कुणी नवी बाई समजेल, समजू दे. तू तिचे औषधांचे डबे मला नीट दाखव, ती कशावर चिडते ते सांग, भट्टीवर सकाळी कोणाला हाक मारायची ते सांग, आणि चांगला शर्ट घालून जा. बोलायचं नसेल तर बोलू नकोस माझ्याशी. नुसतं दाखव आणि जा. फोन उचलला नाहीस तरी मी येणारच आहे, फक्त दार उघड.

वाटेवर असलेली, तुझीच,
ताई